गोर्शकोव्ह ते विक्रमादित्य: जहाज फुकट होतं, मग बिल कशाचं आलं?

20 जानेवारी 2004 ला भारत आणि रशियामध्ये करार झाला आणि त्यात 'ॲडमिरल गोर्शकोव्ह' हे विमानवाहू जहाज, म्हणजे आपलं आयएनएस विक्रमादित्य, आपल्याला फुकट मिळालं. खरंच फुकट, म्हणजे जहाजाच्या सांगाड्याचा एक रुपयाही लावला नव्हता, पैसे द्यायचे ते दुरुस्तीचे आणि बदलांचे, एक अब्ज डॉलरपेक्षा थोडे कमी, आणि त्यावरची मिग-29के विमानं वेगळी. जहाज ऑगस्ट 2008 ला मिळणार होतं. मिळालं 16 नोव्हेंबर 2013 ला, आणि तोवर नुसत्या रिफिटचा आकडा 2.3 अब्ज डॉलरच्या आसपास पोचला होता. पाच वर्षं उशीर आणि किंमत दुपटीच्याही वर. आपल्याकडं चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथं तर कोंबडीला चार आणे पण नव्हते.

या प्रकरणावर बोलणं निघालं की लोक दोन टोकांना जातात, एक तर "रशियाने आपल्याला फसवलं" नाहीतर "देशाच्या सुरक्षेपुढं पैशाचं काय". मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. वापरलेलं जहाज घेताना किंमत कुठं लपलेली असते आणि ती नेमकी कधी बाहेर येते हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. थोडं लांबेल.

आधी ते जहाज मुळात काय होतं ते बघू, कारण अर्धा घोळ तिथंच आहे.

त्याचं जन्मनाव 'बाकू'. काळ्या समुद्रालगतच्या निकोलायेव्हच्या यार्डात बांधलं, 1982 मध्ये पाण्यात उतरलं आणि 1987 च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत नौदलात आलं. कीव्ह क्लासमधलं, म्हणजे 'कीव्ह' या जहाजाच्या धर्तीवर बांधलेल्या जहाजांमधलं, हे चौथं आणि शेवटचं. आता कीव्ह क्लास म्हणजे आपण ज्याला विमानवाहू जहाज म्हणतो तसलं नव्हतंच, पुढचा अर्धा भाग क्रूझरसारखा, तिथं जहाजांवर मारायच्या क्षेपणास्त्रांचे 12 मोठाले लाँचर आणि तोफा, आणि मागच्या अर्ध्या भागात तिरका डेक, ज्यावरून याक-38 सारखी सरळ उभी चढणारी-उतरणारी विमानं आणि हेलिकॉप्टर चालायची. म्हणजे धावत जाऊन उड्डाण करणारं विमान या जहाजाने आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. सोव्हिएत संघ मोडायच्या सुमारास नाव बदलून 'ॲडमिरल गोर्शकोव्ह' झालं, हे सर्गेई गोर्शकोव्ह 1956 पासून जवळपास तीस वर्षं सोव्हिएत नौदलाचे प्रमुख होते. 1994 मध्ये बॉयलर रूममध्ये स्फोट झाला, दुरुस्ती झाली, थोडं चाललं आणि 1996 मध्ये पैसेच नाहीत म्हणून सेवेतून काढलं. तेव्हापासून करार होईपर्यंत ते नुसतं उभं होतं.

बहिणींचं, म्हणजे याच क्लासमधल्या बाकी तीन जहाजांचं, काय झालं ते पण बघा. 'नोव्होरोसिस्क' दक्षिण कोरियात भंगारात गेलं, 'मिन्स्क' आणि 'कीव्ह' चीनमध्ये जाऊन लोकांना बघायला म्हणून उभे राहिले. चारातलं एकच जहाज पुन्हा लढाऊ सेवेत आलं, ते हे.

मग भारताला हे का हवं होतं? गरज खरी होती, यात मला अजिबात शंका नाही. जुनं विक्रांत 1997 च्या जानेवारीत निवृत्त झालं आणि उरलं एकटं विराट. विराट म्हणजे ब्रिटिश नौदलाचं 'हर्मीस', 1959 मध्ये तिकडं सेवेत आलेलं, 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं फ्लॅगशिप असलेलं आणि 1987 मध्ये आपल्याकडं आलेलं. एकच विमानवाहू जहाज असणं म्हणजे ते ड्राय डॉकमध्ये गेलं की तुमच्याकडं एकही नाही, आणि म्हातारं जहाज डॉकमध्ये वारंवार जातं. आपलं स्वतःचं बांधायचं ठरत होतं पण कोचीला त्या नव्या विक्रांतची कील, म्हणजे तळाचा कणा, टाकली गेली ती 2009 मध्ये, आणि सेवेत आलं 2 सप्टेंबर 2022 ला.

इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे की सेकंडहँड विमानवाहू जहाज हा आपल्या नौदलाला नवा प्रकार नव्हता. पहिलं विक्रांत पण ब्रिटिशांचं अर्धवट राहिलेलं 'हर्क्युलीस', 1957 मध्ये विकत घेतलं, बेलफास्टला पूर्ण करून घेतलं आणि 1961 मध्ये सेवेत आलं. दोन्ही अनुभव चांगले. पण हर्मीस आपण घेतलं तेव्हा ते फॉकलंड लढून आलेलं जहाज होतं, निवृत्त होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्यावर सी हॅरियर विमानं आणि स्की-जंप, म्हणजे विमानाला उड्डाणासाठी डेकच्या टोकाला वर उचललेला चढ, आधीच होता. आपल्याला त्या जहाजाकडून तेच काम हवं होतं जे ते आधीपासून करत होतं. गोर्शकोव्हची गोष्ट बरोबर उलटी, वर्षानुवर्षं बंद पडलेलं जहाज आणि त्याच्याकडून हवं होतं असं काम जे त्याने कधी केलंच नव्हतं. माझ्या मते हा फरक 2004 च्या आकड्यात कुठंच दिसत नाही.

करारात शब्द होता रिफिट. रिफिट म्हटलं की डोळ्यापुढं काय येतं, रंगरंगोटी, यंत्रं खोलून बसवणं, काही रडार बदलणं. इथं प्रत्यक्षात काय झालं तर पुढचे सगळे क्षेपणास्त्र लाँचर काढले, तिथं डेक पुढं वाढवून 14.3 अंशांचा स्की-जंप बांधला, मागं विमान पकडायला आडव्या तारा आणि त्यांची यंत्रणा बसवली, त्या तारांवर पडणारा झटका सोसेल इतका डेक मजबूत केला, बॉयलर बदलले. जहाजात 2,500 च्या आसपास कप्पे आहेत, त्यातले साधारण 1,750 नव्याने बनवावे किंवा बदलावे लागले. नवी केबल टाकली ती साधारण 2,300 किलोमीटर. पावणेतीनशे मीटरपेक्षा लांब जहाजाच्या पोटात दोन हजार तीनशे किलोमीटर वायर! याला रिफिट म्हणायचं म्हणजे घराच्या चार भिंती ठेवून आतलं सगळं पाडून परत बांधायचं आणि त्याला डागडुजी म्हणायचं.

केबलवर थोडं थांबतो कारण किंमत वाढली त्यातलं एक मोठं कारण तेच होतं. सुरुवातीच्या अंदाजात बरीच जुनी केबल तशीच वापरता येईल असं धरलं होतं. कागदावर ते बरोबर वाटतं, केबल तांब्याची आहे, तांबं कुठं जात नाही. पण जुन्या जहाजातली केबल हलवली नाही तोवरच चांगली असते. वरचं इन्सुलेशन वर्षानुवर्षं थंडीत, दमटपणात, तेलाच्या वाफेत कडक झालेलं असतं, एका जाडजूड जुडग्यातली एक वायर काढायची म्हणून जुडगं वाकवलं की शेजारच्या दहा वायरींच्या सालीला चिरा जातात. आणि या वायरी एका कप्प्यातून दुसऱ्यात भिंतीतल्या ज्या भोकांतून जातात ती भोकं पाणी आणि आग अडवायला सीलबंद केलेली असतात, म्हणजे एक वायर बदलायची तरी सील फोडायचं, मग त्या भोकातल्या सगळ्याच वायरींचा हिशोब परत. शेवटी काम करणारा माणूस म्हणतो सगळंच काढा, आणि तो बरोबर असतो.

मी काही वर्षं जहाज दुरुस्तीच्या कामात काढली आहेत, युद्धनौका नाहीत, साधी मालवाहू जहाजं आणि टग. एकदा एक जुना टग आला होता, बाहेरून रंग छान, इंजिन रूम पुसून चकचकीत, मालकाकडून आलेल्या यादीत लिहिलं होतं तळाच्या चार प्लेटा बदलायच्या. पहिली प्लेट गॅसने कापून खाली घेतली आणि आत टॉर्च मारला तर प्लेटला धरून ठेवणारी फ्रेमच गंजून पापुद्र्यासारखी झालेली, फोरमनने हातोडीचं टोक लावलं तर ते आरपार गेलं. चाराच्या सोळा प्लेटा झाल्या, मग फ्रेमा, मग त्या फ्रेमांना चिकटून गेलेली पाइपलाइन, आणि प्रत्येक टप्प्यावर मालकाचा फोन की हे आधी का नाही सांगितलं. आधी सांगता आलं नसतं, कारण आधी ते दिसतच नव्हतं. एका टगमध्ये हे होतं तर 20 मजल्यांच्या जहाजात काय होईल याचा अंदाज करा.

म्हणून या प्रकरणात मी खरा दोष कुठं ठेवतो तर सर्व्हेवर. आपल्या टीम जहाज बघायला 90 च्या दशकापासून जात होत्या. पण बघणं वेगळं आणि उघडणं वेगळं. बंद पडलेल्या जहाजावर यंत्रं चालवून बघता येत नाहीत, पॅनेल काढून आतलं तपासायला खर्च येतो आणि तो खर्च करार व्हायच्या आधी कोणी करायचा हा प्रश्न असतो, विकणारा म्हणतो तुम्ही घेणार असाल तर उघडतो, घेणारा म्हणतो उघडलं तर घेतो. मग दोघंही वरवर बघून एक आकडा लिहितात, आणि तो लिहिताना त्या घटकेला खोटं कोणीच बोलत नसतं.

त्यात भर पडली यार्डाची. जहाज बांधलं होतं निकोलायेव्हला, आणि 1991 नंतर निकोलायेव्ह युक्रेनमध्ये गेलं. म्हणजे ज्यांनी हे जहाज हाताने बांधलं, ज्यांना माहीत होतं कुठला पाइप कुठून गेलाय, ते कामगार आणि ते यार्ड आता दुसऱ्या देशात. रशियाने काम दिलं सेवमाशला, श्वेत समुद्राकाठच्या सेव्हेरोद्विन्स्कला. सेवमाश लहान यार्ड नाही, अणुपाणबुड्या बांधण्यात जगातल्या सर्वात मोठ्या नावांपैकी एक, पण विमानवाहू जहाज त्यांनी त्याआधी कधी केलेलं नव्हतं. पाणबुडी बांधणाऱ्याला वेल्डिंग शिकवायची गरज नाही हे खरं, पण हँगर, लिफ्ट, डेकखालची तारांची यंत्रणा याचा अंदाज काढणं वेगळं काम आहे, आणि तो अंदाज काढायचा होता अशा काळात जेव्हा सोव्हिएत काळानंतर ऑर्डर आटल्या होत्या आणि यार्डाला कसंही करून काम हवं होतं. भुकेलेला ठेकेदार कमीच आकडा लावतो. हे जगात सगळीकडं असंच चालतं, त्यात रशियन असण्याचा काही संबंध नाही.

मग 2007. जहाजाचं काम रखडलेलं, सेवमाशच्या प्रमुखाला पदावरून काढलं गेलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडं रशियाकडून मागणी आली, अजून 1.2 अब्ज डॉलर लागतील. पुढं तर एकूण 2.9 अब्जांपर्यंतचा आकडा समोर ठेवला गेला. भारताने तोवर 45 कोटी डॉलरच्या वर पैसे दिलेले होते. आता भारताच्या जागी बसून विचार करा. करार मोडायचा तर दिलेले पैसे परत मिळवण्याची लढाई, जहाज तर त्यांच्याच यार्डात अर्धं उघडलेलं, ते ओढून आणता पण येत नाही. विमानं मात्र ऑर्डर केलेली, 16 मिग-29के, त्यातली 4 दोन सीटची, आणि ती चालवायला दुसरं जहाजच नाही, कारण विराटवर ती उतरू शकत नाहीत. वैमानिकांचं प्रशिक्षण ठरलेलं. शिवाय बाकी नौदलाची किती जहाजं, पाणबुड्या, सुटे भाग रशियाकडूनच येणारे. अडला हरी म्हणतात ती ही वेळ.

जुलै 2009 मध्ये कॅगचा अहवाल आला आणि त्यात सरळ लिहिलं की हे सेकंडहँड जहाज नव्या जहाजापेक्षा 60 टक्के महाग पडतंय आणि त्याचं आयुष्य नव्याच्या निम्मं आहे. संसदेत आणि बाहेर खूप गदारोळ झाला. त्यावर तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुरीश मेहता यांचं म्हणणं साधारण असं होतं की दोन अब्ज डॉलरच्या आत कोणी मला विमानवाहू जहाज आणून देत असेल तर मी आत्ता चेक फाडतो. मी दोन्ही बाजू परत परत वाचल्या आणि मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त दोघं वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होते. कॅग विचारत होतं की 2004 मध्ये जे ठरवलं ते नीट ठरवलं का. ॲडमिरल सांगत होते 2009 मध्ये आता दुसरा पर्याय काय आहे. 2004 च्या प्रश्नाचं उत्तर 2009 च्या अडचणीने देता येत नाही, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकी हीच गल्लत अजूनही होते.

त्याच जुलैत रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव स्वतः सेवमाशला गेले आणि काम पूर्ण झालंच पाहिजे म्हणून यार्डाला तंबी दिली. पुढं घासाघीस होऊन साधारण 2.3 अब्ज डॉलरवर तोडगा निघाला, 2010 च्या मार्चमध्ये पुतिन दिल्लीला आले तेव्हा सह्या झाल्या, आणि त्याच सुमारास अजून 29 मिग-29के ची ऑर्डर पण गेली. म्हणजे ज्याच्याशी भाव करतोय त्यालाच पुढची ऑर्डर. टीका करायला सोपं आहे, पण जहाज एकदा त्या धावपट्टीच्या हिशोबाने बांधायला घेतल्यावर विमान दुसरं बसणारच नव्हतं, ते लग्न 2004 मध्येच लागलं होतं.

याच्याशेजारी चीनचं उदाहरण ठेवतो, कारण ते त्याच निकोलायेव्हच्या यार्डातलं आहे. 'वार्याग' तिथं अर्धवट राहिलं होतं. 1998 मध्ये एका चिनी कंपनीने मकाऊला तरंगता कॅसिनो करायचा म्हणून ते युक्रेनकडून 2 कोटी डॉलरला घेतलं, इंजिन चालत नव्हतं तर ओढत ओढत नेलं, बॉस्फरसमधून जायच्या परवानगीसाठीच दीड वर्षाच्या आसपास अडकलं, 2002 मध्ये दालियनला पोचलं आणि 2012 च्या सप्टेंबरमध्ये 'लिआओनिंग' म्हणून चिनी नौदलात आलं. वेळ त्यांना पण भरपूर लागला, खर्च पण अफाट आला असणार. पण जहाज त्यांच्या स्वतःच्या यार्डात उभं होतं. आत काय निघालं, किती वाढीव काम आहे, कधी थांबायचं, हे ठरवायला समोर कोणी बिल घेऊन बसलेलं नव्हतं, आणि प्रत्येक चुकीतून जे शिकले ते दालियनचे कामगार शिकले. आपण 2004 मध्ये गोर्शकोव्ह ओढून कोचीला आणू शकलो असतो का? मला नाही वाटत, तेव्हा आपल्या यार्डांची तेवढी तयारी नव्हती आणि ड्रॉइंग पण त्यांच्याच हातात. पण जहाज ज्याच्या गोदीत, भाव त्याचा, हे या दोन जहाजांकडं बघून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठंच दिसत नाही.

आता बॉयलर. हा भाग मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त लागतो.

2012 च्या जूनमध्ये जहाज ट्रायलला समुद्रात गेलं. 28 जुलैला मिग-29के पहिल्यांदा त्यावर उतरलं, सगळे खूश, 4 डिसेंबरला म्हणजे आपल्या नौदल दिनाला ताबा द्यायचं ठरलेलं. सप्टेंबरमध्ये बॅरेंट्स समुद्रात फुल स्पीडची ट्रायल घेतली आणि आठपैकी सात बॉयलरमध्ये बिघाड झाला. कारण काय तर अस्तर. बॉयलर म्हणजे एक मोठी लोखंडी भट्टी, आतली आग बाहेरच्या लोखंडापर्यंत पोचू नये म्हणून आतून विटांचं अस्तर असतं, आणि विटा आणि लोखंडाच्या मध्ये उष्णता अडवणारा थर. जुन्या पद्धतीत तो ॲस्बेस्टॉसचा असायचा. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कॅन्सर होतो म्हणून भारतीय बाजूने तो नको म्हटलं, आणि ते शंभर टक्के योग्य होतं, त्या खोलीत वर्षानुवर्षं आपली पोरं काम करणार होती. मग त्याजागी फायरब्रिकवर भागवलं गेलं. अर्ध्या वेगात काही झालं नाही, पूर्ण ताकद लावली, धग वाढली आणि अस्तर ढासळलं.

विचार करा, आठ बॉयलर, एकूण एक लाख ऐंशी हजार हॉर्सपॉवर, आणि अडलं कशावर तर विटांच्या मागच्या काही इंच थरावर. असला बॉयलर दुरुस्त करायचा म्हणजे आधी तो पूर्ण थंड होऊ द्यायचा, मग माणूस मॅनहोलमधून आत सरकतो, गुडघ्यावर बसून एकेक वीट मोकळी करतो, बाहेर देतो, आणि परत तशीच एकेक वीट लावत येतो. यात मशीन काही कामाचं नाही. उत्तरेकडं हिवाळा सुरू होत होता, समुद्र गोठला की ट्रायल बंद, म्हणजे काम झालं तरी तपासायला पुढचा उन्हाळा. एका थराने पूर्ण वर्ष खाल्लं. ॲस्बेस्टॉस नको हा एक ओळीचा बदल होता, पण त्या ओळीचा परिणाम पूर्ण ताकदीवर कुणी आधी तपासला नाही, आणि जुन्या जहाजात एकही बदल एकटा राहत नाही, तो दुसऱ्या दहा गोष्टींना हात लावतोच.

2013 च्या उन्हाळ्यात परत ट्रायल झाल्या, या वेळी बॉयलर टिकले, आणि 16 नोव्हेंबर 2013 ला सेव्हेरोद्विन्स्कला रशियन झेंडा उतरला आणि आपला चढला. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी तिथं होते. जानेवारी 2014 मध्ये जहाज कारवारला पोचलं. अरबी समुद्रात विराट त्याला भेटायला गेलं होतं आणि दोघं शेजारी शेजारी चालतानाचे ते फोटो मी अजून ठेवलेत, ते बघून मला खूप भरून आलं होतं, दोन म्हातारी जहाजं, दोन वेगळ्या नौदलांत जन्मलेली, आणि दोघांवर आपला झेंडा.

आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. येताना जहाजावर स्वतःचं हवाई संरक्षण जवळपास नव्हतंच, क्षेपणास्त्रं नंतर इकडं बसवली. 2016 च्या कॅग अहवालात मिग-29के च्या इंजिनांच्या तक्रारी आणि विमानं उपलब्ध असण्याचं प्रमाण इतकं कमी निघालं की वाचवत नाही, एक सीटच्या विमानांचं 16 ते 38 टक्क्यांच्या दरम्यान. एप्रिल 2019 मध्ये कारवारला येताना बॉयलर रूममध्ये आग लागली आणि ती विझवताना एक तरुण अधिकारी गेला. 2022 मध्ये ट्रायलदरम्यान परत आग. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पुढच्या डॉकिंग आणि रिफिटसाठी कोचीन शिपयार्डशी 1,207 कोटींचा करार झाला. किंमत खरेदीच्या दिवशी संपत नाही ती अशी.

दुसऱ्या बाजूला हे पण खरं की विराट 6 मार्च 2017 ला निवृत्त झालं आणि नवं विक्रांत 2022 ला आलं, मधली साडेपाच वर्षं आपल्याकडं फक्त विक्रमादित्य होतं. ते नसतं तर डेकवरून विमान उडवायची, तारेवर उतरवायची, रात्री डेकवर माणसं न चिरडता विमानं हलवायची सवय असलेली अख्खी पिढी हातातून गेली असती, आणि ही सवय पुस्तकातून परत येत नाही. 11 जानेवारी 2020 ला नौदलाचं तेजस याच जहाजावर उतरलं. नव्या विक्रांतवर पण तीच पद्धत, स्की-जंप आणि तारा, त्यामुळं तिथं जाणाऱ्या लोकांची शाळा हीच. जून 2023 मध्ये अरबी समुद्रात दोन्ही जहाजं एकत्र सरावात उतरली तेव्हा 2004 च्या त्या निर्णयाला काहीतरी फळ आलं असं मला मनापासून वाटलं. म्हणून मी म्हणेन घ्यायचा निर्णय चुकला नाही, ज्या कागदावर घेतलं तो कागद चुकला. न उघडलेल्या जहाजावर पक्का आकडा कुणी लिहूच नये. आधी फक्त उघडण्याचं आणि तपासण्याचं छोटं कॉन्ट्रॅक्ट करायला हवं होतं, घेतलं नाही तरी पैसे देऊ म्हणून, आणि मोठी सही त्यानंतर. दोन-चार कोटी डॉलर वाया गेले असते तरी चाललं असतं. आणि विमानांची ऑर्डर जहाजाच्या कामाशी टप्प्याटप्प्याने बांधायची, म्हणजे अडवणुकीच्या वेळी आपल्या हातात पण काहीतरी राहिलं असतं.

चालतं जहाज घेतलं तर काय होतं हे बघायला आपल्याकडंच 'जलाश्व' हे सैन्य वाहून नेणारं जहाज आहे. अमेरिकन नौदलाचं 'ट्रेंटन', 1971 मध्ये सेवेत आलेलं, जानेवारी 2007 मध्ये नॉरफोकला आपल्या ताब्यात आलं, किंमत 5 कोटी डॉलरपेक्षा कमी, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सेवेत. कॅगने त्यावर पण ताशेरे ओढले, जहाजाच्या वयावर आणि अमेरिकेने घातलेल्या वापराच्या अटींवर, आणि त्या अटी खरंच टोचणाऱ्या होत्या. पण पैशाचा आणि वेळेचा आकडा जो कागदावर होता तोच राहिला, कारण घेताना ते जहाज जिवंत होतं, त्याचा क्रू त्यावर होता, काही बिघडलेलं असेल तर ते विचारायला समोर माणूस होता. मे 2020 मध्ये कोविडच्या काळात मालदीवहून 698 भारतीयांना घेऊन आलं ते हेच जहाज.

आणि आता आपण देणाऱ्याच्या बाजूला पण आहोत. 'आयएनएस किरपाण', 1991 पासून आपल्या नौदलात असलेली कॉर्व्हेट म्हणजे लहान युद्धनौका, आपण व्हिएतनामला भेट दिली, तीही फुकटच. फरक एवढाच की ती 2023 च्या जूनअखेर विशाखापट्टणमहून आपल्याच इंजिनांवर, आपल्याच क्रूने, शस्त्रांसकट चालवत नेली आणि 22 जुलैला कॅम रान्हच्या धक्क्यावर चालत्या स्थितीत व्हिएतनामच्या नौदलाच्या हातात दिली.